मिठाची वही

विशाखा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले, की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मंडपात येऊन बसलो की काय, असं मला वाटायला लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई अत्यंत शांत आणि सोशीक होत्या. ज्या माणसाला तू कधी स्टाफरूममध्ये सुखानं चहा पिऊ दिला नाहीस, त्याला तू गेल्यावर शांत वाटलीस. दुसरे एक जण म्हणाले, सदा हसतमुख. तुझं हसू माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आलं, आणि त्यातलं निम्मं माझ्या चुकांवर होतं. तू तिथं असतीस तर मधेच उठून निघून गेली असतीस, आणि जाताना खुर्चीचा मुद्दाम आवाज केला असतास.

मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं. तुझ्या लेकीनं, मित्रानं, माझ्याकडं पाहिलं. ती अगदी तुझ्यासारखी बघते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं नाही, हातांकडं. नंतर जवळ येऊन म्हणाली, बोलायचं नसलं तर लिहून द्या मावशी, आईची स्मरणिका काढायलोय. म्हणून लिहायला बसले आहे. हे स्मरणिकेत छापण्यासारखं होणार नाही, हे मला आत्ताच कळतंय. तरी लिहिते, कारण हे सगळं तुलाच सांगायचं आहे आणि तू समोर असताना ते सांगायची माझी छाती झाली नाही.

आपल्या दोघींच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आपल्या चिटगुप्प्याच्या स्टँडवरून हळ्ळीखेडला जाणारी सकाळची बस, आणि बसायला जागा नाही. तू खिडकीपाशी मांडीवर पिशव्यांचा ढीग घेऊन बसली होतीस. मला नखशिखांत न्याहाळून विचारलंस, तू त्या किराणा दुकानवाल्या अप्पाची धाकटी ना? मी व्हय म्हणाले. तू एकदा माझ्या हातांकडं बघितलंस, मग पिशव्या उचलून पायाशी ठेवल्यास आणि सरकून मला जागा दिलीस. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत आपण दोघी त्याच बसनं गेलो, एकाच शाळेत शिकवलं, तू समाजशास्त्र आणि मी विज्ञान, आणि रोज जाता-येता भांडलो. लोक याला मैत्री म्हणायचे. मीही म्हणायचे.

तुझं शिकवणं मला सुरुवातीला निव्वळ तमाशा वाटायचं. शनिवारी प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची. अट एकच, जी संपली तर आईला त्याच दिवशी कुणाच्या तरी दारात जावं लागतं, अशी वस्तू पाहिजे. पोरं मीठ आणायची, ज्वारीचं पीठ, करडईचं तेल, काड्यापेटी. एकजण हात हलवत आला आणि म्हणाला, बाई, आमच्यात कालच संपलंय. तू त्याला पहिल्या बाकावर बसवलंस. एकदा एका मुलीनं धान्याच्या कोठीचं कुलूप आणलं. सगळा वर्ग हसला, कुलूप कुठं संपतं का म्हणून. तू ते टेबलाच्या मधोमध ठेवलंस, त्याच्या एका बाजूला मीठ, दुसऱ्या बाजूला ज्वारी, आणि म्हणालीस, आता इतिहास सुरू झाला. मी शेजारच्या वर्गात आम्ल आणि अल्क शिकवत होते. माझी अर्धी पोरं कान देऊन तुझंच ऐकत होती.

तुझं म्हणणं साधं होतं. राजे मागाहून आले, आधी वस्तू आल्या. सुमेरच्या लोकांनी ओल्या मातीवर खुणा केल्या त्या देवाच्या स्तुतीसाठी नाही, कुणाच्या घरून किती सातू आले ते लक्षात ठेवण्यासाठी. मिसरातले पिरॅमिड कुणी बांधले याचं उत्तर तू पोरांकडून एका सुरात वदवून घ्यायचीस, भाकरीनं. तांब्यात मिसळायचं कथील फार थोड्या मुलखांत मिळायचं, म्हणून काशाची हत्यारं हवी असणाऱ्यांना परक्या माणसांशी बोलणं भाग पडलं. समुद्राकडून बैलांच्या पाठीवर मीठ लादून लमाणांचे तांडे आपल्या पठारावर चढले आणि जाताना धान्य घेऊन उतरले, म्हणून इथं बाजार बसले आणि बाजारांभोवती किल्ले झाले. मोठ्या नावांची तुला मनापासून चीड होती. पुस्तकातला राजाचा धडा तू एका तासात उरकायचीस, आणि मातीच्या रांजणावर आठवडा घालवायचीस.

मी म्हणायचे, बरोबर आहे, वस्तूंनी माणसं जवळ आणली. बाजार हीच पहिली संस्कृती. जिथं अनोळखी माणसाला मारायच्या ऐवजी त्याच्याशी घासाघीस करता येते, तिथून माणूस सुधारायला लागला. तू बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "दुकानदाराची पोरगी दुसरं काय म्हणणार?" तुझ्या मते वस्तूंनी माणसं जवळ आणली नाहीत, रांगेत उभी केली. ज्यानं कोठार बांधलं तो आत, ज्यानं ते पिकवलं तो बाहेर, आणि दोघांच्या मधल्या दाराला आपण संस्कृती म्हणतो. मग मी सिंधूकाठच्या शहरांत ज्याला धान्याचं कोठार म्हणतात ते बांधकाम कोठारच होतं हे अजून नक्की कुठं ठरलंय, असं विचारायचे. तू चिडायचीस. पुरावा मागितला की तू नेहमी चिडायचीस, आणि दुसऱ्या दिवशी पुरावा शोधून आणायचीस. हा वाद आपण संपवला नाही. आता तो माझ्याकडं एकटीकडं राहिलाय आणि मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

एक गोष्ट मात्र मी तुला दिली होती. मी सांगितलं होतं की शिकार करून मांस खाणाऱ्या माणसाला वेगळं मीठ लागत नाही, ते मांसातच असतं. माणूस शेती करून धान्यावर जगायला लागला तेव्हा त्याला मिठाची गरज पडली. तू बसमध्येच वही काढलीस आणि हलत्या अक्षरात ते लिहून घेतलंस. म्हणालीस, म्हणजे ज्वारीनं माणसाला मिठाच्या दारात उभं केलं. इतका आनंद तुला मी आणखी कशानंच दिला नसेल. माझं नाव घेऊन तू ते वर्गात सांगितलंस हे मला पोरांकडून कळलं. मला तू कधी सांगितलं नाहीस. कौतुकाच्या बाबतीत तुझा हात फार आखडता होता.

आता माझ्याबद्दल. तुला शाळा किराणाबाई म्हणायची. पोरं, शिपाई, पालक, सगळे. बस कंडक्टरसुद्धा म्हणायचा. ते नाव मी ठेवलं होतं. स्टाफरूममध्ये, तुझ्या तिसऱ्या की चौथ्या शनिवारी, तू टेबलावर पुड्या मांडून बसली होतीस, आणि तू बाहेर गेल्यावर मी म्हणाले की आपल्याकडं आता किराणाबाई आल्यात. सगळे खो खो हसले. मला फार बरं वाटलं. खरं तर किराणावाल्याची लेक मी होते, आणि माझ्या पाठीमागं ते नाव लागेल अशी धास्ती मला कॉलेजपासून होती. ते तुला चिकटवून मी मोकळी झाले.

आणि ते रोमन सैनिकांचं प्रकरण. तू मोठ्या ऐटीत सांगत होतीस की त्यांना पगार म्हणून मीठ मिळायचं. मी ते बसमध्ये एकांतात सांगू शकले असते. मी मुद्दाम थांबले, सगळे जमल्यावर, पाहुणे म्हणून आलेल्या शिक्षकांसमोर म्हणाले, हे ऐकीव आहे, याला धड पुरावा नाही, विशाखाबाई इतिहास शिकवतात की गोष्टी सांगतात. तुझा चेहरा उतरला. चार दिवसांनी बसमध्ये तू म्हणालीस, तुझं बरोबर हाय, ते वाक्य मी खोडलं. मी बरोबर होते, आणि त्या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी माझ्या चुकांचीही वाटत नाही.

तुला हे सगळं वसूल करता आलं असतं. माझे यजमान गेले तेव्हा मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. तू तेरा दिवस रोज शाळा सुटल्यावर आलीस, ओसरीत बसलीस, एक शब्द न बोलता पोरांच्या वह्या तपासल्यास आणि शेवटच्या बसनं गेलीस. माझे तास तूच घेतलेस. मी परत आले तेव्हा नववीच्या पोरांना रसायनशास्त्र तुझ्या पद्धतीनं येत होतं, म्हणजे सोडा कुणाच्या घरात कशाला वापरतात याच्यासकट. मी तुझे आभार मानले नाहीत. उलट अभ्यासक्रम मागं पडला म्हणून कुरकुर केली.

माझ्या घरी तू इतक्या वेळा आलीस, पण चहाशिवाय कशाला हात लावला नाहीस. शिरा केला तर चमचाभर खायचीस. उपमा, भजी, वरणभात, काही नाही. एकदा मी हट्ट धरला तेव्हा म्हणालीस, बीपी हाय, मीठ चालत न्हाई. शाळेत मात्र तू पोरांच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून खायचीस. मी ते बघितलं होतं आणि विचारलं नव्हतं.

विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं असं वाटायचं: आमच्या घरचं मीठ तुला नको होतं. आपल्याकडं मीठ हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. देणारा खाली ठेवतो आणि घेणारा उचलतो. अप्पांच्या दुकानात मिठाचं पोतं बाहेर, पायरीच्या बाजूला कट्ट्यावर असायचं. रात्रीसुद्धा तिथंच. मीठ कुणी चोरत नाही, पाप लागतं. गिऱ्हाइकानं पायरीवर फडकं पसरायचं, अप्पा मापानं वरून ओतायचे. पाटलांच्या घरचं माणूस आलं तरी तसंच. तुमच्या वस्तीतल्या लोकांना अप्पा सगळंच तसं द्यायचे, साखर, चहा, गूळ, काड्यापेटी, सगळं पायरीवर टाकायचे. पण मीठ घेताना सगळे वाकायचे.

मिठापुढं सगळे सारखे, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी त्या दुकानात लहानाची मोठी झाले आणि मला ते दिसायला तुझी वही वाचावी लागली.

निवृत्तीनंतर तू लिहायला बसलीस. एकेका वस्तूची एकेक वही. ज्वारीची, मातीची, तेलाची, कापसाची. लिहून झालेली वही तू मला वाचायला द्यायचीस आणि मी लाल पेननं चुका काढायचे. मिठाची वही तू सगळ्यात शेवटी आणलीस, दिवाळीनंतर. देताना म्हणालीस, ही सावकाश वाच. इतरांसारखी पेन घेऊन बसू नको.

मी पेन घेऊनच बसले. पहिली चाळीसेक पानं चांगली होती, तुझ्या लिखाणात मी पाहिलेली सगळ्यात चांगली. चीनच्या मिठाच्या विहिरी, वाळवंटातून मिठाच्या लाद्या घेऊन जाणारे उंट, आपले लमाण, आणि मग एकाएकी चिटगुप्प्यातली एक पायरी. तू लिहिलं होतंस की लहानपणी दुकानातून काही आणायचं असलं की तू आईला सांगायचीस, मला मिठालाच पाठव. कारण मीठ घेताना तुला वाटायचं की आपण सगळ्यांसारखे आहोत. अप्पांचं नाव तू सरळ लिहिलं होतंस, आडनावासकट.

पुढच्या पानावर ती दुपार होती. येता-जाता पोरं पोत्यातला खडा उचलून जिभेवर ठेवायची, अप्पा कुणाला काही म्हणायचे नाहीत. त्या दिवशी तूही एक खडा घेतलास. तू आठ वर्षांची होतीस. अप्पा बाहेर आले. तुझे वडील समोरच्या गिरणीत पोती उतरवत होते, त्यांना हाक मारून बोलावलं. ते मिठाचं पोतं त्यांना उचलायला लावलं, आणि कडुलिंबाखालच्या नालीत सगळं मीठ त्यांच्याच हातानं ओतायला लावलं. तू लिहिलं होतंस की ओतताना त्यांनी तुझ्याकडं बघितलं नाही, आणि त्या दिवसानंतर तू मिठाला गेली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तो कडुलिंब वाळला. लोक म्हणाले, नजर लागली. झाडाच्या मुळाशी एवढं मीठ गेल्यावर दुसरं काय होणार, हे मी विज्ञान शिकवूनही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पानाच्या शेवटच्या ओळी अशा होत्या: "दुकानाच्या पायरीवर दुकानदाराची धाकटी मुलगी उभी होती. तिचं नाव मला माहीत होतं. तिनं"

तिथं पान संपलं होतं.

तिनं काय केलं हे मला माहीत होतं, विशाखा. मी सहा वर्षांची होते. मी ओरडले होते, अप्पा, तिनं पोत्यात हात घातला. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. अप्पा आत हिशेबाला बसले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. मी सांगितलं नसतं तर तो खडा तुझ्या तोंडात विरघळून गेला असता आणि तुझे वडील गिरणीतलं काम संपवून घरी गेले असते. एवढी वर्षं बसमध्ये तुझ्या शेजारी बसून मी स्वतःला समजावत होते की तुला ते आठवत नसेल, तू मला पायरीवर बघितलं नसशील, आठवत असतं तर तू पहिल्याच दिवशी जागा दिली नसतीस. आणि तू तर नाव माहीत असल्याचं लिहून ठेवलं होतंस. मी वही मिटली, साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. पान उलटलं नाही.

पंधरा दिवसांनी तू आलीस. चहा नको म्हणालीस. तुझे हात मांडीवर होते आणि तू ते एकमेकांवर चोळत होतीस. तुला इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वाचलीस का गं?"

"वाचली."

"शेवटपर्यंत?"

"व्हय."

तू वाट बघत राहिलीस. मीही. शेवटी तूच विचारलंस, "मग?"

"अप्पांचं पान काढ. अण्णा अजून दुकान चालवायलाय, त्याच्या पोरांनी काय म्हणून वाचावं हे?"

अण्णाचं नाव मी उगीच घेतलं. माझा भाऊ वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाकी काय बी बोलायचं न्हाई तुला?"

मी न्हाई म्हणाले. तू उठलीस. मला वाटलं आता खुर्ची आपटशील, काहीतरी लागेल असं बोलशील, आणि मीही तयारीत होते. तू फक्त म्हणालीस, वही तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, मला नगं आता. दारात चप्पल घालताना तुझा तोल गेला आणि मी हात पुढं केला नाही.

त्यानंतर तू आली नाहीस आणि मी गेले नाही. आपण दोघी घरीच होतो, आपल्यामध्ये चार गल्ल्या होत्या. तू आजारी आहेस हे मला भाजीवाल्या बाईकडून कळलं. तुला बीदरला मित्राकडं नेलं हे दोन दिवसांनी कळलं. बस मिळाली असती, पण मी गेले नाही. तू समोर बसून ते वाक्य पूर्ण करशील अशी मला भीती वाटत होती. तू गेल्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते, कारण आता तुझ्यापासून लपवून काय उपयोग. सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, बराच वेळ, पण पहिल्यांदा आलं ते हे.

मग मित्राचा फोन. आईचं पुस्तक काढायचं ठरवलंय, सगळ्या वह्या सापडल्या, मिठाची तेवढी मिळत नाही. "मावशी, तुमच्याकडं हाय का?" मी म्हणाले, न्हाई. फोन ठेवल्यावर मी कपाट उघडून बघितलं, जशी काही मी खरं बोलले असेन.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढं काय करायचं ते मला कळत होतं. काल सकाळच्या बसनं बीदरला गेले. मित्रा तिच्या घरी एकटीच होती, इथून नेलेली तुझी कपडे ठेवायची पेटी आवरत होती. मी वही तिच्या हातात दिली. तिनं गुंडाळलेलं कापड सोडलं, तुझं अक्षर ओळखलं आणि उभीच राहिली.

"तुम्ही तर न्हाई म्हणाला होता."

"खोटं बोलले."

"कामून?"

मी तिला सगळं सांगितलं. पोतं, नाली, तिचे आजोबा, आणि ओरडणारी मुलगी मीच. ती ऐकत होती आणि माझ्या हातांकडं बघत होती. मी म्हणाले, त्या पानाच्या पुढं आईनं माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायची माझी छाती झाली नाही.

"म्हणजे तुम्ही पुढचं वाचलंच न्हाई?"

"न्हाई."

ती खाली बसली. पानं चाळत ते पान काढलं आणि वाचायला लागली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मला तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटलं होतं. ती रडत होती. वाचून झाल्यावर तिनं वही मिटून छातीशी धरली.

"त्या दिवशी मी आईकडंच होते, तुमच्याकडनं आल्यावर ती जेवली न्हाई," ती म्हणाली. "मला म्हणाली, तिनं समदं वाचलं आणि तिला कायच वाटलं न्हाई. मी इचारलं, कशाबद्दल? तर म्हणाली, जाऊ दे."

मी विचारलं, काय लिहिलंय?

"चांगलं लिहिलंय," मित्रा म्हणाली. "तुमच्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी लिहिलं नसंल."

मी हात पुढं केला. तिनं वही दिली नाही. तिचा आवाज चढला नाही, तुझा चढला असता. "तुमच्या अप्पांचं पान जसं हाय तसं छापणार. तुम्ही ओरडला ते बी राहील. त्या ओळीच्या पुढची दोन पानं मी काढून ठेवणार."

मी म्हणाले, एकदा बघू दे, छापू नको, नुसतं बघू दे. मी त्या पोरीसमोर हात जोडले, विशाखा.

"सहा म्हैने तुमच्याकडंच होतं की, मावशी," ती म्हणाली, आणि वही तुझ्या पेटीत तुझ्या साड्यांखाली ठेवून तिनं झाकण लावलं. मग मला स्टँडपर्यंत सोडायला आली, बसमध्ये चढेपर्यंत थांबली, खाली वाकून पाया पडली. तू तिला चांगलं वळण लावलंयस.

मी न वाचताच तुला व्हय म्हणाले, हे तुला आता कुणी सांगू शकत नाही. आणि तू काय लिहिलं होतंस, ते मला कुणी सांगणार नाही.